नमुन्याबरहुकूम समारंभ

"मास्तर, मी कोठार देल्लं म्हने. कवा देल्लं?"

भातकुलीचे बापूसाहेब देशमुख शाळेच्या अंगणात उभे राहून मला विचारत होते. मागे त्यांचे मुनीम तुळशीराम. मुनीमजींच्या हातात मुंबईचं वर्तमानपत्र होतं आणि त्या पत्राला हळदकुंकू लावलेलं होतं. मी तेव्हा लिंबाच्या झाडाखाली पाच विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र शिकवत होतो. धूर दिसला की विस्तव असतोच, हा सिद्धांत नुकताच सांगून झाला होता. आता त्यांच्यासमोर धूर आला होता आणि विस्तवाचा पत्ता नव्हता.

"बापूसाहेब, आधी बसा," मी म्हणालो.

"बसतो. पन आंधी सांगा. इथी छापलं हाये, टायांच्या गजरात देल्लं. मी त त्या दिवशी वावरात होतो. टाया कोनं वाजवल्या?"

टाळ्या कोणी वाजवल्या नव्हत्या, कारण तो समारंभ अजून व्हायचाच होता. हे त्यांना कसं सांगावं, याचा मी विचार करत राहिलो. वाचकांना मात्र सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

तिकडे अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई चालली होती आणि इकडे वऱ्हाडात तिच्यामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीत ज्याला म्हणून छप्पर होतं, त्याखाली कापूस होता. धर्मशाळेत कापूस, देवळाच्या सभामंडपात कापूस. मारुतीला प्रदक्षिणा घालायची तर गाठींवरून चढून जावं लागे. आमची शाळा गावकऱ्यांच्या कमिटीची. कमिटीत सगळे कापसाचे व्यापारी. हंगाम आल्याबरोबर त्यांनी शाळेच्या दोन खोल्यांत स्वतःचाच माल भरला आणि आमचा आर्ट्स क्लास लिंबाखाली आला.

आर्ट्स क्लास हे आमच्या हेडमास्तरांचं अपत्य. हेडमास्तर पुण्याचे. मुंबईला युनिव्हर्सिटी झाली, तिथे आर्ट्सची पदवी देतात, हे ऐकल्यापासून त्यांना रात्री झोप नव्हती. इतिहास, तर्कशास्त्र, काव्य आणि संस्कृत, म्हणजे ज्यातून कापूस निघत नाही असं सगळं, ते अमरावतीत शिकवलं गेलं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. आमचे विद्यार्थी युनिव्हर्सिटीच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होते. क्लासला ते 'फॅकल्टी' म्हणत. फॅकल्टी म्हणजे अध्यापकांचा समूह. आमच्याकडे तो समूह म्हणजे मी. शिवाय सेक्रेटरीही मीच, आणि बातम्या लिहिणाराही मीच.

कमिटीने सांगून ठेवलं होतं की मृग लागायच्या आत क्लासला स्वतःचं छप्पर मिळालं नाही तर क्लास बंद. पावसात झाडाखाली तर्कशास्त्र चालत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. क्लास बंद झाला की पाचही विद्यार्थी बाजारात कापूस तोलायच्या काट्यावर जाऊन बसणार आणि मी पुन्हा खालच्या वर्गाला बाराखडी घोकवणार. बाराखडीबद्दल माझं वाईट मत नाही. पण त्या पाच जणांना इतिहास शिकवताना मला जो आनंद व्हायचा, तो मला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळाला नव्हता. त्यांच्यातला महादेव माळ्याचा. पहाटे वांग्यांची पाटी भाजीबाजारात उतरवून यायचा आणि संस्कृत श्लोक अशा गोड गळ्याने म्हणायचा की रस्त्यावरचे गाडीवान थांबायचे. त्याला मी काट्यावर बसलेला पाहू शकलो नसतो.

आता बातमीचं. मुंबईच्या वर्तमानपत्राला ताजी बातमी हवी असे. रेल्वे अजून आमच्यापर्यंत पोचली नव्हती. आमची डाक मजल दरमजल करत मुंबईला जाईपर्यंत बातमी शिळी होई आणि संपादक ती टोपलीत टाकत. तारेचा खर्च शाळेला परवडणारा नव्हता. यावर हेडमास्तरांनी उपाय काढला.

"वामनराव, इथले लोक कापूस बोंडात असताना विकतात की नाही?"

"विकतात."

"त्याला वायदा म्हणतात. मग आपण सभा भरायच्या आधी तिची बातमी पाठवली तर काय बिघडलं?"

तेव्हापासून आमच्या शाळेत आधी बातमी, मग समारंभ, असा क्रम पडला. हेडमास्तर मजकूर सांगत, मी लिहून घेई आणि डाकेत टाकी. मग समारंभाच्या दिवशी बातमीची नक्कल हातात घेऊन मी सभा तिच्यासारखी भरेल अशी खटपट करी. एकदा बातमीत 'अध्यक्षांस पुष्पहार घातला' असं लिहिलं होतं आणि आयत्या वेळी हारच नव्हता. अध्यक्ष उठून चालू लागले. हेडमास्तरांनी त्यांना हवापाण्याच्या गप्पांत अडकवून ठेवलं आणि मी महादेवच्या घरी धावत जाऊन झेंडू आणला. बातमी खोटी पडू दिली नाही. व्यवसाय म्हणून सांगायचं तर सेक्रेटरीचं काम ते हेच.

या वेळी वार्षिक समारंभ होता. मुंबईहून केशवराव नावाचे एक खरेखुरे बी.ए. व्याख्यानाला यायचे होते. वऱ्हाडात बी.ए. कोणी पाहिला नव्हता. बी.ए. हा माणूस असतो की हुद्दा, यावर बाजारात पैजा लागल्या होत्या. हेडमास्तरांच्या अंगात त्या दिवशी प्रतिभा आली. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'श्रोतृसमुदाय इतका लोटला की मुंगीस शिरावयास वाव नव्हता. विद्यार्थ्याने सुस्वर श्लोक म्हटले. रा. केशवराव बी.ए. यांनी विद्येचा उपयोग या विषयावर दोन तास इंग्रजीत व्याख्यान दिले. वारंवार टाळ्यांचा कडकडाट झाला. एकही मनुष्य जागचा हालला नाही. समारंभास आलेल्या साहेबांचे नेत्र अश्रूंनी भरून आले. शेवटी विद्येचे आश्रयदाते श्रीमंत बापूसाहेब देशमुख यांनी टाळ्यांच्या गजरात आपले बाजारातील नवे कोठार क्लासला कायमचे अर्पण केले.'

मी लेखणी थांबवली.

"बापूसाहेबांना विचारलंय का?"

"सभेत विचारू. साहेबासमोर कोणी नाही म्हणतं का?"

"आणि साहेब रडणार?"

"वामनराव, तुम्हाला वाङ्मयातलं काही कळत नाही. लिहा."

मी लिहिलं. बातमी गेली आणि छापून आली. समारंभ मात्र झालाच नाही, कारण बी.ए. आले नाहीत. मुंबईहून निघाले, अकोल्यापर्यंत आले आणि तिथून पुढे त्यांचा पत्ता लागेना.

हे सगळं मी बापूसाहेबांना लिंबाखाली बसवून सांगितलं. ते रागावतील, अशी माझी खात्री होती. ते रागावले नाहीत. मिशीवरून हात फिरवला.

"परतवाड्याचा आमचा याही, पोरीचा सासरा," ते म्हणाले, "बारा वर्सांत मले कधी नीट बोलला नाही. काल पेढे घेऊन आला. बायकोनं पेपराची पूजा केली. आता मी कोठार देल्लं नाही म्हनू कोन्या तोंडानं?"

"म्हणजे तुम्ही देता?" माझा आवाज जरा चढला असावा.

"थांबा. मी कापसाचा मानूस हाये."

मग त्यांनी आपला कायदा सांगितला. बाजारात माल विकताना आधी मूठभर कापूस दाखवतात. त्याला नमुना म्हणतात. घेणारा तो फडक्यात बांधून ठेवतो. गाड्या आल्या की गाठोडं सोडायचं आणि नमुन्याशी माल ताडून पाहायचा. तसाच असला तर पास. वर चांगला आणि खाली कवडी, म्हणजे किडका पिवळा, निघाला, तर गाड्या आल्या वाटेने परत.

त्यांनी वर्तमानपत्रावर बोट ठेवलं. "हा तुमचा नमुना. समारंभ याच्याबरहुकूम झाला पाह्यजे. मुनीमजी हा कागद घेऊन हुबे राहतीन अन् एकएक ओय ताडून पाहतीन. साऱ्या ओयी जुयल्या त कोठार तुमचं. एक ओय कमी भरली त माल वापस."

तेवढ्यात हेडमास्तर बाहेर आले. सगळं ऐकून त्यांना आनंद झाला. "अवश्य! शब्दशः होईल, बापूसाहेब!" असं म्हणून ते आत गेले. शब्दशः करायचं होतं ते मला.

आधी बी.ए.ची ओळ. मी एक दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, भाड्याने केली, वाटेत मूर्तिजापूरला मुक्काम केला आणि अकोल्याला पोचलो. मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरलो आणि पहिल्याच पानवाल्याला विचारलं, "मुंबईचे बी.ए. कुठे भेटतील?"

"शेटजीच्या पेढीवर. तारा वाचून राहिले."

पेढी मोठी होती. शेटजी अडत्ये, म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून मध्ये आपली अडत घेणारे. गादीवर लोडाला टेकून केशवराव बसले होते. गळ्यात सोन्याची साखळी, पुढे पानाचं तबक. व्याख्यानाला येताना वाटेत ते या पेढीत पाणी प्यायला थांबले होते. तेवढ्यात मुंबईची एक इंग्रजी तार आली. ती त्यांनी सहज वाचून दाखवली. शेटजींनी त्यांना उठूच दिलं नाही.

"केशवराव, अहो तुमचं व्याख्यान!"

"मास्तर, विषय काय होता?"

"विद्येचा उपयोग."

"मग तोच तर करून दाखवतोय." त्यांनी पान जुळवलं. "युनिव्हर्सिटीत मी तीन वर्षं काव्य शिकलो. मला कोणी पाणी विचारलं नाही. इथे 'भाव चढला' एवढे दोन शब्द वाचले तर शेटजी स्वतः पंखा घालतात."

मी शेटजींकडे वळलो.

"शेटजी, एक दिवसासाठी सोडा यांना."

"सीझनात?" शेटजी म्हणाले. "मास्तर, बैल मागा, देतो. घोडं मागा, देतो. बीए नाही भेटनार."

मी खिशातून वर्तमानपत्र काढलं आणि बापूसाहेबांचं नाव त्यांना वाचून दाखवलं. 'विद्येचे आश्रयदाते' हे शब्द जरा सावकाश वाचले. शेटजींचा चेहरा बदलला.

"भातकुलीच्या देशमुखाचं नाव मुंबईत छापलं?"

"पुढच्या समारंभाची बातमी अजून लिहायची आहे," मी म्हणालो.

शेटजी सरसावून बसले. "बीए घेऊन जा. एकच दिवस. अन् माह्या तारा त्यायच्या मागं अमरावतीच्या तारऑफिसात येतीन. भाषन चालू असो का जेवन चालू असो, तार आली का वाचाची."

मी मान्य केलं. अशा रीतीने एका बी.ए.च्या बदल्यात मी पुढच्या वर्षीची बातमी वायद्याने विकली. बाजाराचा गुण लागायचा तो लागलाच.

गर्दीचा प्रश्न बापूसाहेबांनी स्वतः सोडवला. समारंभ त्यांच्या कोठारातच होता. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, चैत्राचं ऊन. त्यांनी हुकूम केला, "सभा होईस्तोवर काटा बंद." माल तोलला जात नाही म्हटल्यावर गाडीवान आणि शेतकरी करतात काय? सावलीला आत आले. कोठारात निम्म्या भागात कापसाचा डोंगर होता, उरलेल्या भागात माणसं. मुंगीचं माहीत नाही, पण मला स्वतःला शिरायला जागा नव्हती.

राहता राहिला साहेब. कॅम्पातले हे एक गोरे साहेब. त्यांचं खातं सांगत नाही, म्हातारपणी कटकट नको. त्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं होतं. मी त्यांची खुर्ची मुद्दाम कापसाच्या ढिगाला लावून ठेवली आणि पंखेवाल्याला सांगितलं की जोरात ओढ. तंतू उडाले की भल्याभल्यांचे डोळे वाहतात.

सभा सुरू झाली. मुनीमजी खांबाला टेकून उभे. एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्यात बोरू.

"मुंगीले जागा नाही. झालं!" त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि खूण केली.

महादेवने श्लोक म्हटले. गाडीवानांनी माना डोलावल्या.

"सुस्वर. झालं!"

लोकांना वाटलं, 'झालं' म्हटलं की टाळ्या वाजवायच्या असतात. त्यांनी वाजवल्या.

"टायांचा कडकडाट. झालं!" मुनीमजी म्हणाले. लोकांनी पुन्हा वाजवल्या. मग पुढे वारंवार वाजवत राहिले. ती ओळ एवढी भरघोस भरली की मुनीमजींनी तिच्यावर दोनदा खूण केली.

केशवराव उठले आणि इंग्रजीत बोलू लागले. काय बोलले ते पुरतं समजणारी माणसं कोठारात चारच होती: साहेब, हेडमास्तर, मी आणि स्वतः केशवराव. बाकीचे लोक शांत होते. सावली होती, काम नव्हतं आणि इंग्रजीचा सूर झोपेला चांगला. एकही मनुष्य जागचा हालला नाही.

पण साहेबांचे डोळे कोरडे ठणठणीत. पंखा चालला होता, तंतू उडत होते, पुढच्या रांगेतले लोक शिंकत होते. साहेब वऱ्हाडात इतकी वर्षं काढून बसले होते की कापूस त्यांना आता लागत नव्हता. हेडमास्तरांच्या डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या.

"मुनीमजी, पाहा पाहा," मी हळूच म्हणालो, "डोळे भरून आले."

"हेडमास्तरचे आले," मुनीमजी म्हणाले. "इथी साहेबाचे छापले हायेत."

व्याख्यान संपत आलं. सगळ्या ओळी जुळल्या होत्या आणि एवढ्या एका ओळीसाठी कोठार जाणार होतं. मला हेडमास्तरांचा असा राग आला की विचारू नका. माणसाने काय हवं ते लिहावं, पण दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी लिहू नये.

तेवढ्यात तारऑफिसचा शिपाई गर्दीतून वाट काढत आला. केशवरावांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि पेढीच्या सवयीने तार फोडली. वाचली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी तो कागद शेजारी बसलेल्या साहेबांच्या हाती दिला. साहेबांनी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीत आपली सगळी पुंजी घातली होती, हे मला नंतर कळलं. कंपनी चालली होती कापसाच्या भावावर.

साहेबांनी तार वाचली. पुन्हा वाचली. मग समोर बघत स्वस्थ बसून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

"साहेबाच्या डोयात पानी!" मुनीमजी ओरडले. "झालं!"

कोठार टाळ्यांनी दणाणून गेलं. पेंगणारे गाडीवान उठून बसले. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "पाय बापा, इद्या काय चीज असते. साहेबाले रडवलं."

मी साहेबांना पाणी द्यायला पुढे गेलो आणि त्यांच्या हातातली तार मला दिसली. अमेरिकेतली लढाई संपत आली. भाव कोसळला. काही घेऊ नका.

बापूसाहेब कोठार द्यायला उठत होते. त्यांच्या पाठीमागे त्यांचाच न विकलेला कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता. अजून भाव चढेल म्हणून त्यांनी तो राखून ठेवला होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं. हेडमास्तरांनीही तार पाहिली होती. त्यांनी माझा दंड धरला.

"वामनराव, आता काही बोलू नका. एकच ओळ राहिली आहे."

क्लास मला हवा होता. महादेव समोरच बसला होता. पण या माणसाने आमच्यावर विश्वास टाकून उघड्या बाजारात नमुना लावला होता आणि त्याला आंधळं ठेवून त्याचं कोठार घ्यायचं, हे मला जमेना. मी हात सोडवून घेतला, बापूसाहेबांच्या कानाशी गेलो आणि तारेत होतं ते सांगितलं.

ते अर्धवट उठले होते, ते खाली बसले. एकदा मागे वळून कापसाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"मुनीमजी," त्यांनी विचारलं, "सारं जुयलं का?"

"एक ओय राह्यली, मालक," मुनीमजी म्हणाले. "तुमची."

बापूसाहेब माझ्याकडे वळले. आवाज अगदी हळू होता. "मास्तर, भाव पडला हे मी लोकायले सांगतो. सांगाच लागन. पन आंधी माही ओय होऊ द्या. भाव सांगतल्यावर टाया कोन वाजवन?"

आणि ते उभे राहिले. अंगरखा नीट केला, फेटा सावरला आणि म्हणाले, "हे कोठार मी क्लासले देल्लं. कायमचं देल्लं." टाळ्या झाल्या. खूप झाल्या. ते हात जोडून, मान थोडी वर करून, त्या संपेपर्यंत उभे राहिले. एवढ्या टाळ्या त्यांना आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या आणि त्या त्यांनी पोटभर घेतल्या.

मग त्यांनी त्याच आवाजात सांगितलं, "आता आयका. अमेरिकेतली लढाई संपली. कापूस पडला."

कोठार रिकामं व्हायला पान खाण्याइतकाही वेळ लागला नाही. मुनीमजींनी शेवटच्या ओळीवर खूण केली आणि मगच तेही पळाले.

पुढचे दिवस वाईट गेले. बाजारात कोणी कोणाचा सौदा पाळेना. काल ज्यांनी हातावर हात मारून माल घेतला होता, ते आज ओळख दाखवेनात. आमच्या कमिटीतल्या लोकांनी बाकं देऊ, पुस्तकं देऊ, नकाशे देऊ असं सांगितलं होतं. ते सगळे वायदे बुडाले. अकोल्याच्या शेटजींच्या पेढीला कुलूप लागलं. एका सकाळी केशवराव गळ्यातल्या साखळीशिवाय माझ्या दारात येऊन उभे राहिले. विद्येचा दुसरा काही उपयोग असतो का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना काव्य शिकवायला लावलं. फॅकल्टी दोन माणसांची झाली.

कोठार आम्हाला मिळालं, पण कापसासकट. तो कापूस बापूसाहेबांचाच होता आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. हलवायचा तर गाड्यांचं भाडंही सुटलं नसतं. म्हणून पहिलं वर्षभर आम्ही त्या कापसावर बसून क्लास चालवला. इतकी मऊ बैठक मुंबईच्या युनिव्हर्सिटीलाही नसेल. तर्कशास्त्राच्या तासाला विद्यार्थी झोपत, त्याचं कारण तेच, असं मी मानतो. तरी त्यांतले दोघे मुंबईला जाऊन परीक्षा उतरले. एक महादेव.

पावसाळा सुरू झाला तेव्हा एकदा बापूसाहेब कोठारात आले. पागोळ्या गळत होत्या आणि पोरं आत कोरडी बसली होती. मी धीर करून विचारलं, "बापूसाहेब, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला असतात तर कोणी दोष दिला नसता. सगळ्या बाजाराने शब्द फिरवला."

"म्हून तं देल्लं," ते म्हणाले. "साऱ्यायचे सौदे फिरले. एक तरी नमुन्यापरमानं राहू द्या म्हटलं." मग त्यांनी विचारलं, "हे पेपरात येईन काय?"

मी त्याच रात्री बसून बातमी लिहिली. त्या नोकरीत घडून गेल्यावर लिहिलेली ती माझी पहिलीच बातमी. भाव पडल्याचं कळल्यावरसुद्धा त्या माणसाने उभं राहून शब्द पाळला, हे मी जसं घडलं तसं लिहिलं. हेडमास्तरांना दाखवलं नाही.

संपादकांचं उत्तर आलं: 'सदर समारंभाचे वृत्त यापूर्वीच प्रसिद्ध झाले आहे. तेच वृत्त पुन्हा छापण्याचा आमचा प्रघात नाही.'

या कामात पुढे बरीच वर्षं काढली. नव्या सेक्रेटरींना मी एवढंच सांगत आलो की बातमी आगाऊ पाठवू नका. ती खोटी पडेल ही भीती नाही, खोटी पडू न देण्याचं कसब अनुभवाने येतं. पण सभेत कधी खरोखरच कोणी चांगलं वागला, तर ते छापायला मग जागा उरत नाही.